सोडलेली मेमरी आणि न उतरलेला आकडा: गो १.१२ चं प्रकरण

फेब्रुवारी २०१९ मध्ये गो या प्रोग्रॅमिंग भाषेची १.१२ ही आवृत्ती आली. तिच्या रिलीज नोट्समध्ये रनटाइमविषयी, म्हणजे प्रत्येक गो प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या आधारभूत कोडविषयी, एक छोटासा परिच्छेद होता. लिनक्सवर न लागणारी मेमरी परत करताना रनटाइम आता मॅडव्ह_फ्री ही सूचना वापरेल. हे जास्त कार्यक्षम आहे, पण दिसणारा आरएसएस, म्हणजे प्रोसेसच्या नावावर मोजली जाणारी रॅम, वाढू शकतो. गरज पडेल तेव्हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती मेमरी काढून घेईल. जुनंच वागणं हवं असेल तर गोडीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ‘मॅडव्हडोन्टनीड=१’ लिहा. बदल प्रामाणिकपणे सांगितला होता, मागे फिरायची वाटही ठेवली होती. तरी दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या १.१६ मध्ये, तो मागे घेतला गेला.

मधल्या काळात ज्या तक्रारी आल्या त्यांचा सूर एकच होता: गो मेमरी गिळून बसतं. गंमत अशी की रनटाइमने मेमरी सोडलेली होती आणि कर्नलने तशी नोंदही घेतलेली होती. ॲप्लिकेशनने कर्नलला दिलेल्या सूचनेचं पुढे नेमकं काय होतं, आणि ती सूचना बरोबर असूनही गोंधळ कसा उडतो, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

काय दिसत होतं

आधी आरएसएस. हा रेसिडेंट सेट साइझ. नागपूरशी संबंध नाही. मेमरी छोट्या तुकड्यांत, म्हणजे पेजेसमध्ये, वाटलेली असते, आणि प्रोसेसचा कुठला पत्ता कुठल्या पेजवर जातो याची यादी म्हणजे पेज टेबल. या टेबलमधून ज्या पेजेसकडे प्रत्यक्ष रॅममध्ये बोट दाखवलेलं आहे, त्यांची ही बेरीज. टॉप या कमांडमधला ‘रेस’ हा रकाना म्हणजे हाच आकडा.

समजा एक सेवा आहे. एरवी तिचा जिवंत डेटा ५०० एमबी असतो. गोच्या गार्बेज कलेक्टरची, म्हणजे नको झालेला डेटा साफ करणाऱ्या भागाची, मूळ सेटिंग गोजीसी १०० ठेवली तर हीप, म्हणजे प्रोग्रॅमने चालताना घेतलेली मेमरी, जिवंत डेटाच्या दुपटीपर्यंत वाढू दिला जातो, म्हणजे साधारण १ जीबी. दुपारी रहदारी वाढली, जिवंत डेटा २ जीबीवर गेला, हीप ४ जीबीला टेकला. तासाभराने रहदारी ओसरली आणि जिवंत डेटा पुन्हा ५०० एमबीवर आला. आता सुमारे ३ जीबी जागा रिकामी पडून आहे. गोच्या रनटाइममध्ये अशी पडीक जागा शोधून ऑपरेटिंग सिस्टिमला परत करणारा एक भाग आहे, त्याला स्कॅव्हेंजर म्हणतात. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच मिनिटं वापरात न आलेली जागा तो परत करत असे. १.११ पर्यंत या टप्प्यावर आरएसएस खाली यायचा. ग्राफवर एक डोंगर उठायचा आणि थोड्या वेळाने उतरायचा.

१.१२ ने बांधलेल्या बायनरीचा डोंगर उतरेनाच. ४ जीबीला गेलेली रेघ तिथेच आडवी, रात्रभर, दुसऱ्या दिवशीही. पीप्रॉफ हे गोचं मेमरी तपासायचं साधन उघडावं तर ते ५०० एमबी सांगतं. रनटाइमच्या आकडेवारीतलं ‘हीपरिलीज्ड’ पाहावं तर ते म्हणतं ३ जीबी परत केले. टॉप म्हणतो ४ जीबी अजून इथेच आहेत. आणि तिघंही खरं बोलत असतात.

अशा वेळी लोक जे करतात तेच त्यांनी केलं. लीक, म्हणजे प्रोग्रॅमच्या चुकीने अडकून पडलेली मेमरी, शोधण्यात दिवस घालवले. कुणी डीबग पॅकेजमधलं ‘फ्रीओएसमेमरी’ हे फंक्शन मुद्दाम बोलावून पाहिलं. त्यानेही काही होईना, कारण तेही आतून त्याच रस्त्याने जातं आणि तीच सूचना देतं. कुणी ठरावीक वेळाने प्रोसेस उडवून पुन्हा सुरू करायची सोय लावली. आणि जिथे माणूस नव्हताच, आरएसएस अमुक मर्यादेपलीकडे गेला की प्रोसेस मारणारी स्क्रिप्ट होती किंवा मेमरीच्या वापरावरून प्रतींची संख्या वाढवणारा ऑटोस्केलर होता, तिथे यंत्रांनी आपलं काम चोख बजावलं.

सूचना की हुकूम

ॲप्लिकेशनने मेमरीबद्दल कर्नलला काही सांगायचं तर लिनक्समध्ये त्यासाठी एमॲडव्हाइज हा सिस्टिम कॉल आहे. पत्ता, लांबी आणि एक सल्ला, एवढंच त्याला द्यायचं. सल्ल्यांमध्ये काही खरोखरचे सल्ले आहेत: हा भाग सलग वाचला जाणार आहे, हा उलटसुलट वाचला जाणार आहे, हा लवकरच लागेल. कर्नलने हे कानाआड केले तर प्रोग्रॅम फार तर हळू चालेल, चुकणार नाही.

मॅडव्ह_डोन्टनीड या पंक्तीत बसलेला असला तरी तो वेगळ्या जातीचा आहे. मॅलोकसारख्या मार्गाने मिळालेल्या, कुठल्याही फाइलशी न जोडलेल्या खासगी मेमरीवर तो चालवला की लिनक्स ती पेजेस तिथल्या तिथे काढून घेतं. पत्ते प्रोसेसकडेच राहतात. पुढच्या वेळी तिथे हात लावला की शून्यांनी भरलेलं कोरं पेज मिळतं. जुना मजकूर गेला तो गेलाच. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स मानकातला याच नावाचा सल्ला मात्र निरुपद्रवी आहे, त्याने मजकूर नष्ट होणं अपेक्षित नाही. या विसंगतीमुळे जीलिबसी या सी लायब्ररीने २.६ आवृत्तीपासून पॉझिक्स_एमॲडव्हाइजमधला डोन्टनीड सरळ गिळून टाकायला सुरुवात केली: कॉल करा, काहीही होणार नाही.

जेमॅलोक या ॲलोकेटरने, म्हणजे प्रोग्रॅमला मेमरी वाटणाऱ्या लायब्ररीने, तर याहून सावध पवित्रा घेतला. तो सुरू होताना एक पेज घेतो, त्यात काहीतरी लिहितो, डोन्टनीड देतो आणि खरंच शून्यं आली का ते वाचून बघतो. कारण क्यूईएमयू या एम्युलेटरच्या यूजर-मोड अनुकरणात हा ‘सल्ला’ सल्ला समजून दुर्लक्षिला जात असे, आणि शून्यांवर भिस्त ठेवणारा प्रोग्रॅम तिथे कोसळत असे. परीक्षेत नापास झालं तर जेमॅलोक तसा इशारा छापतो आणि स्वतः शून्यं भरायला लागतो. ज्या सूचनेवर लोक इतके विसंबून आहेत तिला सूचना म्हणणं हा निव्वळ शिष्टाचार उरतो.

या हुकमाला किंमत पडते. पेज टेबलमधल्या नोंदी पुसायच्या, टीएलबी (त्या नोंदींच्या प्रोसेसरमधल्या प्रती) साफ करायचे, पेजेस कर्नलच्या मोकळ्या साठ्यात टाकायची. तीच जागा प्रोसेसला परत लागली की प्रत्येक पेजमागे एक पेज फॉल्ट, म्हणजे पेज जागेवर नाही म्हणून कर्नलला मध्ये पडावं लागणं. त्यात नवं पेज शोधणं आणि ४ केबी शून्यांनी भरणं आलं. १ जीबीमध्ये ४ केबीची २,६२,१४४ पेजेस असतात. हीप सतत फुगणारा-आटणारा असेल तर आज दिलेली पेजेस उद्या परत मागायची, हा आतबट्ट्याचा व्यवहार होतो.

दुसरा मार्ग

मॅडव्ह_फ्री हा त्यावरचा उतारा. फ्रीबीएसडी आणि सोलारिसमध्ये तो आधीपासून होता; लिनक्समध्ये मिनचान किम यांच्या कामातून तो ४.५ मध्ये, म्हणजे मार्च २०१६ मध्ये आला. ‘या पेजेसमधला मजकूर मला नको आहे, तुला जागेची चणचण भासली तर घेऊन टाक, तोपर्यंत राहू दे’ असा त्याचा अर्थ.

आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. कर्नल पेज टेबलमधल्या त्या नोंदींचा डर्टी बिट, म्हणजे ‘पेजमध्ये लिहिलं गेलंय’ ही खूण, उतरवतो आणि पेजेसवर ‘यांना स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) लिहायची गरज नाही’ अशी खूण करतो. बस. पेज जागचं हलत नाही. प्रोसेसने त्यात पुन्हा लिहिलं तर प्रोसेसर स्वतःच डर्टी बिट चढवतो. फॉल्ट नाही, कर्नलला उठवणं नाही. पुढे कधी कर्नलला जागेची टंचाई झाली की तो या पेजेसपाशी येतो. डर्टी बिट उतरलेलाच असेल तर मालकाने हात लावलेला नाही, पेज टाकून द्यायचं. चढलेला असेल तर मालक परतलाय, पेज पुन्हा नेहमीच्या यादीत ठेवायचं. मधल्या काळात कुणी नुसतं वाचलं तर जुना मजकूर मिळेल किंवा शून्यं. काय मिळेल याची हमी नाही. म्हणून ॲलोकेटरने अशी जागा कोरी आहे असं धरून चालायचं नसतं.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा आठवा. माणूस उतरून गेलाय, रुमाल सीटवर आहे. गाडी रिकामी आहे तोवर कुणी तो उचलायच्या भानगडीत पडत नाही. माणूस परत आला तर विनासायास बसेल, गर्दी झाली तर कंडक्टर रुमाल बाजूला करेल. तिघांच्याही सोयीचं आहे. फक्त स्टँडवर उभं राहून रुमाल मोजणाऱ्याला गाडी भरलेली दिसते.

आणि गर्दी होतच नाही, ही यातली खरी मेख. वरच्या उदाहरणातल्या सेवेच्या कंटेनरला ८ जीबीची मर्यादा असेल तर ४ जीबीवर तिच्या सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या ज्या गटावर कर्नल ही मर्यादा लावतो त्यात, ताण येण्याचं कारणच नाही. नोडवरही, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतो त्या मशीनवरही, जागा मोकळी असेल तर कर्नल कशाला झाडू हातात घेईल? त्यामुळे मशीन जितकं ऐसपैस तितका ग्राफ भयंकर. ज्यांनी मेमरी सढळ हाताने दिली होती त्यांनाच लीकचा संशय जास्त आला.

एकच बायनरी, तीन वागणुकी

आता प्रकरणातला तो भाग जो मला सगळ्यात मजेशीर वाटतो, आणि ज्याकडे त्या वेळच्या चर्चांमध्ये फारसं लक्ष गेलं नाही.

गोचा रनटाइम आधी मॅडव्ह_फ्री देऊन बघायचा; कर्नलने ओळख दाखवली नाही तर गुपचूप डोन्टनीडवर यायचा. म्हणजे उबंटू १६.०४ या लिनक्सवर, तिच्या मूळच्या ४.४ कर्नलसह, १.१२ ची बायनरी अगदी १.११ सारखी वागायची. आरएसएस खाली यायचा.

डेबियन ९ चा कर्नल ४.९. त्यात मॅडव्ह_फ्री आहे. पण मशीनवर स्वॅप नसेल तर तिथेही आरएसएस खाली यायचा! कारण ४.५ ते ४.११ पर्यंत फ्री केलेली पेजेस निनावी, म्हणजे कुठल्याही फाइलशी न जोडलेल्या, पेजेसच्या यादीत राहायची, आणि स्वॅप नसला की कर्नल ती यादी चाळतच नाही, कारण चाळून नेणार कुठे? त्या यादीत ती तशीच ठेवली असती तर ती पेजेस कधीच परत मिळाली नसती. म्हणून त्या कर्नलांमध्ये सोपा नियम होता: स्वॅप नाही, तर फ्री म्हणजे ताबडतोब मोकळं. थोडक्यात, तिथे फ्री हा डोन्टनीडसारखाच वागायचा.

जुलै २०१७ मध्ये आलेल्या ४.१२ मध्ये शाओहुआ ली यांनी ही उणीव दूर केली. फ्री केलेली पेजेस निनावी यादीतून काढून फाइल-कॅशच्या निष्क्रिय यादीत ठेवायला सुरुवात झाली. तर्क चोख होता: डिस्कवर जशीच्या तशी असलेली फाइल-पेजेस आणि मजकूर नकोसा झालेली ही पेजेस, दोन्ही काही न लिहिता फेकून देता येतात, मग एकत्र का नकोत? त्यामुळे स्वॅपविना मशीनवरही फ्रीला त्याचा खरा, आळशी अर्थ मिळाला. उबंटू १८.०४ चा कर्नल ४.१५. तिथे आरएसएस खाली येत नाही.

कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीच्या नोडवर तेव्हा स्वॅप बंद ठेवणं हाच शिरस्ता होता. मूळ सेटिंगमध्ये स्वॅप चालू दिसला तर क्युबलेट, म्हणजे प्रत्येक नोडवरचा तिचा एजंट, सुरूच व्हायला नकार द्यायचा. म्हणजे कंटेनरच्या जगात खरा उंबरठा लिनक्स ४.१२ हा होता आणि दाराशी नेणारी गाडी गो १.१२. दोन्हींचे आकडे जुळावेत हा निव्वळ योगायोग. पण निदान करणाऱ्याची यात काय दैना होत असेल बघा. कोड तोच, कंपायलर तोच, जुन्या नोडवर ग्राफ उतरतो आणि नव्या नोडवर उतरत नाही. संशय नव्या नोडवर जाणार, किंवा त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या कुठल्या तरी बदलावर.

एक पेज, दोन खाती

४.१२ च्या त्या दुरुस्तीचा आणखी एक परिणाम झाला. फ्री केलेलं पेज आता दोन हिशेबांत दोन नावांनी बसलं. पेज टेबलमध्ये त्याची नोंद शाबूत आहे आणि ते निनावी आहे, म्हणून प्रोसेसच्या आरएसएसमध्ये ते धरलं जातं आणि सीग्रुपच्या ‘आरएसएस’ आकड्यातही येतं. पण यादीच्या हिशेबात ते ‘निष्क्रिय फाइल’मध्ये मोजलं जातं. कर्नलचे आकडे दाखवणाऱ्या प्रॉक या फोल्डरच्या मेमइन्फोमधला ‘मेमअव्हेलेबल’ हा आकडा काढताना कर्नल फाइल-याद्यांचा मोठा भाग उपलब्ध धरतो, त्यामुळे तिथे हीच पेजेस बरीचशी मोकळी म्हणून दिसतात. मशीन म्हणतं भरपूर जागा आहे, मशीनवरच्या प्रोसेसची बेरीज म्हणते जागा संपत आली.

क्युबलेट ज्याला वर्किंग सेट म्हणतो तो आकडाही असाच निघतो: सीग्रुपचा एकूण वापर वजा निष्क्रिय फाइल. म्हणजे फ्री केलेली पेजेस त्यातून वजा होतात. एकाच कंटेनरच्या दोन रेघा, एक आरएसएसची आणि एक वर्किंग सेटची, एकमेकींपासून ३ जीबी दूर जाऊ शकतात. अलर्ट कुठल्या रेघेवर लावला आहे त्यावर तुमची रात्र कशी जाईल हे ठरतं.

फ्री केलेली किती पेजेस अजून प्रोसेसच्या अंगावर आहेत हे कर्नल सांगतो. ४.१२ पासूनच प्रॉकमधल्या स्मॅप्स फाइलमध्ये ‘लेझीफ्री’ नावाची ओळ आहे. पण ती वाचायची तर कर्नलला प्रोसेसची पेज टेबलं चालत जावं लागतं, मोठ्या हीपवर हे स्वस्त नसतं, म्हणून दर काही सेकंदांनी आकडे गोळा करणारी साधनं तिकडे सहसा फिरकत नाहीत. शिवाय कर्नलचं दस्तऐवजच सांगतं की हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असू शकतो.

मग कर्नल नीट का मोजत नाही?

हा प्रश्न साहजिक आहे. ‘मला नको’ असं प्रोसेसने सांगितलंय ना, मग त्याच क्षणी आरएसएसमधून वजा करा. काय अडचण आहे?

वजा करता येईल. पण परत मिळवायचं कधी? प्रोसेस त्या पेजमध्ये पुन्हा लिहिते तेव्हा प्रोसेसर परस्पर डर्टी बिट चढवतो, कर्नलला त्या क्षणी पत्ताच लागत नाही. त्याला कळायचं असेल तर लिहिताना फॉल्ट घडवून आणावा लागेल. आणि फॉल्ट टाळण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप! फ्रीची बचत आणि फ्रीची अदृश्यता ही एकाच व्यवहाराची जमा आणि नावे बाजू आहे. आकडा अचूक हवा असेल तर बचत सोडावी लागते. त्यामुळे ‘कर्नलवाल्यांनी हिशेबाकडे दुर्लक्ष केलं’ हा आरोप मला पटत नाही.

मॅकओएसने तिसरी वाट काढली आहे. तिथे मॅडव्ह_फ्री_रियूजेबल आणि मॅडव्ह_फ्री_रियूज अशी जोडी आहे. जागा सोडताना पहिली सूचना द्यायची, तीच जागा पुन्हा वापरायला घेताना दुसरी. पहिलीवर कर्नल प्रोसेसच्या खात्यातून पेजेस वजा करतो, दुसरीवर मिळवतो. गोचा रनटाइम मॅकवर हीच जोडी वापरतो, आणि दुसरी सूचना केवळ कर्नलचा हिशेब बरोबर राहावा म्हणून द्यायची असते असं त्याच्या सोर्समधल्या टिपेत लिहिलेलं आहे. किंमत म्हणजे परत घेताना एक जादा सिस्टिम कॉल. पण तो पूर्ण पट्ट्यासाठी एकदाच, पेजागणिक फॉल्टपेक्षा कितीतरी स्वस्त. लिनक्सच्या मॅडव्ह_फ्रीला अशी जोडीदारीण नाही. ती असती तर हे प्रकरण कदाचित घडलंच नसतं, असं मला वाटतं.

माघार

सप्टेंबर २०१९ च्या १.१३ मध्ये गोने स्कॅव्हेंजर बदलला. पाच मिनिटं थांबायची पद्धत गेली; हीप आटला की लगेच, पण पार्श्वभूमीवर संथपणे, एका प्रोसेसर कोअरचा साधारण १ टक्का वेळ खर्चून जागा परत करायची अशी नवी शिस्त आली. शेजारच्या प्रोसेसना जागा लवकर मिळावी हा हेतू. आणि त्याच रिलीज नोट्समध्ये पुढचं वाक्य असं की लिनक्ससह बऱ्याच सिस्टिमवर ऑपरेटिंग सिस्टिमच मेमरी आळशीपणे घेते, त्यामुळे ताण येईपर्यंत आरएसएस कमी होणार नाही. म्हणजे जागा पूर्वीपेक्षा लवकर सोडायची आणि ते कुणालाही दिसणार नाही!

माझ्या मते खरं वळण इथेच आलं. संथ स्कॅव्हेंजरने डोन्टनीडची बोचही कमी केली. परत करण्याचा खर्च पार्श्वभूमीवर पसरला गेला होता, आणि लगेच लागेल इतकी जागा, हीपच्या अपेक्षित आकाराहून सुमारे १० टक्के जास्त, तो हातची ठेवतच होता. म्हणजे सोडलेली जागा पुन्हा लगेच मागायची वेळ कमी येणार. फ्रीचा फायदा आकसला, तोटा तसाच राहिला.

१.१६ मधला बदल कोडच्या दृष्टीने क्षुल्लक आहे. लिनक्स असेल तर त्या गोडीबग खुणेचं मूळ मूल्य ० ऐवजी १. त्यावर लिहिलेली टीप मात्र वाचण्यासारखी आहे. तिचा आशय असा: मॅडव्ह_फ्री डोन्टनीडपेक्षा वेगवान आहे, पण मेमरी प्रत्यक्ष परत घेतली जाईपर्यंत बरेच आकडे हलत नाहीत, त्यामुळे टॉपसारख्या साधनांत गोंधळात पाडणारे आकडे दिसतात आणि मेमरीच्या वापरावरून निर्णय घेणाऱ्या व्यवस्थापन-प्रणालींशी जमत नाही.

‘व्यवस्थापन-प्रणाली’ हा त्यातला कळीचा उल्लेख. २०१६ मध्ये मॅडव्ह_फ्री लिनक्समध्ये आला तेव्हा त्याच्या मांडणीत दोनच पात्रं होती, ॲलोकेटर आणि कर्नल. जागा कधी घ्यायची याचा निर्णय कर्नलचा, कारण टंचाई कधी आहे हे त्यालाच कळतं. पण तोवर सर्व्हरच्या जगात तिसरं पात्र येऊन बसलेलं होतं. ऑटोस्केलर, एव्हिक्शन करणारा, म्हणजे नोडवरून कंटेनर हाकलणारा एजंट, कोटा मोजणारी यंत्रणा हे सगळे मेमरीचे व्यवस्थापकच आहेत, आणि ते टंचाईची वाट पाहत नाहीत. टंचाई येऊच नये म्हणून आधीच हालचाल करतात. ॲलोकेटरने कर्नलच्या कानात सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांच्याकडे भाषा एकच, आकड्यांची. डोन्टनीड आकडा हलवतो म्हणून तो सगळ्यांना ऐकू जातो.

कामगिरीच्या चष्म्यातूनसुद्धा फ्री वाटतो तितका निष्पाप नाही. डोन्टनीडचा खर्च सोडणारी प्रोसेस स्वतः, तिच्या सवडीने सोसते. फ्रीमध्ये पेज काढण्याचं, टीएलबी साफ करण्याचं काम उधारीवर राहतं, आणि ते फेडलं जातं नेमकं टंचाईच्या क्षणी. कधी पार्श्वभूमीवरचा केस्वॅपडी थ्रेड फेडतो, कधी मेमरी मागायला आलेली दुसरीच एखादी प्रोसेस. एकट्या प्रोसेसचा बेंचमार्क चालवला तर ही उधारी दिसतच नाही.

सूचनेवर सूचना

डोन्टनीडवर परतल्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस चालू असतील तर कर्नलचा केह्यूजपेजडी हा थ्रेड विखुरलेली छोटी पेजेस गोळा करून २ एमबीची मोठी पेजेस बनवत फिरतो. ५१२ छोट्या जागांपैकी किती रिकाम्या चालतील हे ‘मॅक्स_पीटीईज_नन’ या सेटिंगने ठरतं, आणि तिचं मूळ मूल्य आहे ५११. म्हणजे एक पेज वापरात असलं तरी उरलेल्या ५११ जागा भरून काढायला तो मोकळा! रनटाइमने डोन्टनीड देऊन परत केलेली मेमरी कर्नल स्वतःहून पुन्हा त्याच प्रोसेसच्या माथी मारू शकतो, आणि या वेळी आरएसएस खरोखरच वाढतो. गोने यावर वेगवेगळ्या सूचना देऊन पाहिल्या. ऑगस्ट २०२३ च्या १.२१ मध्ये ह्यूज पेजेसचं व्यवस्थापन जास्त उघडपणे हाती घेतलं, आणि त्यातलं बरंचसं पुढच्या छोट्या दुरुस्त्यांमध्ये मागेही घेतलं. ते स्वतंत्र प्रकरण आहे.

कर्नलच्या बाजूनेही सूचनांची यादी वाढतच गेली. ५.४ मध्ये ‘हे थंड आहे’ आणि ‘हे आत्ताच बाहेर काढ’ असे दोन सल्ले आले, मॅडव्ह_कोल्ड आणि मॅडव्ह_पेजआउट. दोन्हींत मजकूर शाबूत राहतो. तेही मिनचान किम यांचंच काम, अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवून. ५.१० मध्ये एका प्रोसेसने दुसरीच्या वतीने असा सल्ला देण्याची सोय आली. फोनमध्ये कुठलं ॲप मागे गेलं हे त्या ॲपपेक्षा वरच्या व्यवस्थापकाला चांगलं कळतं, हे त्यामागचं कारण. तिसऱ्या पात्राला कर्नलने बोलायची जागा दिली ती अशी.

आज तपासायचं झालं तर

गोची जुनी वागणूक अजून मिळते: मॅडव्हडोन्टनीड=० लिहिलं की रनटाइम पुन्हा मॅडव्ह_फ्री देतो. हीप झपाट्याने फुगतो-आटतो, मशीन एकाच कामाला दिलेलं आहे आणि आरएसएसवर कुणी निर्णय घेत नाही, अशा ठिकाणी ते वापरून मोजायला हरकत नाही. मोजताना प्रॉकमधली स्मॅप्स_रोलअप ही फाइल पुरते. तिच्यात आरएसएस आणि लेझीफ्री शेजारी शेजारी मिळतात. रनटाइमच्या हीपरिलीज्डमध्ये ३ जीबी, लेझीफ्रीमध्ये त्याच्या आसपास आणि आरएसएस ४ जीबी असं चित्र असेल तर लीक शोधू नका. खात्रीच करायची असेल तर चाचणीच्या मशीनवर त्या सीग्रुपची मर्यादा हळूहळू खाली आणा. कर्नल पेजेस काढायला लागतो आणि आरएसएस उतरताना दिसतो. लेझीफ्री शून्याजवळ असूनही आरएसएस वर असेल तर आधी ह्यूज पेजेसचा आकडा बघा, मग पीप्रॉफ, आणि मग सीगोतून, म्हणजे गोमधून बोलावलेल्या सी कोडमधून येणारी, रनटाइमच्या हिशेबाबाहेरची मेमरी. पीप्रॉफमध्ये ती दिसत नाही.